दारावरचा पडदा: जागा आधी, रंग मागून

तुमचा प्रश्न शांतपणे दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. कल्याणला सातव्या मजल्यावर भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट. मुख्य दार उघडलं की नजर हॉलमधून थेट बाल्कनीच्या काचेच्या सरकत्या दारावर जाते. पॅसेजमध्ये संडासाचं दार आणि स्वयंपाकघराचं दार समोरासमोर. मोठ्या बेडरूममध्ये पलंगाच्या पायथ्याशी बाथरूमचं दार. इथे राहायला येऊन आठ महिने झाले. झोप नीट लागत नाही, कुरबुरी वाढल्यात आणि मिस्टरांच्या नोकरीचं काही खरं नाही. एका सल्लागारांनी पाचही दारांना लाल मखमली पडदे आणि हॉलमध्ये क्रिस्टलच्या मण्यांचा पडदा सांगितला, खर्च 11,000 रुपये. सासूबाईंना लाल पडदे मुळीच पसंत नाहीत. आणि तुम्ही विचारताय, कुठल्या दाराला कुठला रंग लावू?

माझ्या वडिलांचं पडद्यांचं दुकान होतं. कॉलेजात असल्यापासून मी शिवणयंत्रावर बसायचे. फेंगशुई, म्हणजे घराची जागा आणि मांडणी बघण्याची चिनी परंपरा, पुढे शिकले आणि आता 22 वर्षं लोकांची घरं बघते. दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालंय. पडदा कुठे लटकतो, किती खाली येतो आणि घरातली माणसं तो रोज वापरतात का, यावर तो उपाय ठरतो. रंगाचा विचार त्यानंतर करायचा. पाच दारांना एकच लाल मखमल सांगितली याचा अर्थ मी असा घेते की दारं एकेक करून पाहिलीच गेली नाहीत. तुमच्या तिन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि तिघींना पडदेही वेगवेगळे लागतील.

थोडं मागे जाऊन कारण सांगते, कारण ते कळलं की पुढचं तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. ग्वो पू (इ.स. 276 ते 324) याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या चिनी ग्रंथात म्हटलंय की ची, म्हणजे प्राणशक्ती, वाऱ्यावर स्वार झाली की विखुरते आणि पाण्यापाशी पोचली की थांबते. तो ग्रंथ घरांवरचा नाही, पूर्वजांना पुरण्याची जागा कशी निवडावी यावरचा आहे. पण घराच्या फेंगशुईचा पायाही तोच: ची आत यावी, सावकाश फिरावी, रेंगाळावी. ती अडकून कुजू नये आणि एका दारातून येऊन दुसऱ्या दारातून सुसाट निघूनही जाऊ नये. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत म्हणूनच मुख्य दाराच्या आत एक आडवी भिंत असते, तिला यिंगबी म्हणतात. आत येणाऱ्याला तिला वळसा घालूनच चौकात जावं लागतं. दुष्ट शक्ती सरळ रेषेत चालतात, अशी तिथली समजूत. घरातली बायामाणसं रस्त्यावरून दिसू नयेत, हा रोजच्या जगण्यातला फायदा.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. रायगडाचा महादरवाजा आठवा. दोन बुरुजांच्या बगलेत तो असा लपवलाय की वळण घेतल्याशिवाय दिसत नाही आणि सरळ धाव घेऊन त्याच्यावर आदळता येत नाही. गोमुखी रचना म्हणतो आपण तिला. उद्देश लढाईचा होता, फेंगशुईचा नव्हे, पण सरळ वाटेने जोर वाढतो आणि वळणाने मोडतो हे ज्ञान तेच. फ्लॅटमध्ये ना यिंगबी बांधता येते ना बुरूज. तिथे पडदा कामाला येतो. तो भिंतीसारखा अडवत नाही, फक्त नजरेचा आणि वाऱ्याचा वेग मोडतो. चीनमध्येही दाराच्या पडद्यांची जुनी रीत आहे. उत्तरेत थंडीत कापूस भरलेले जाड पडदे, उन्हाळ्यात माशा बाहेर आणि वारा आत ठेवणारे बांबूचे. आधी गरज होती, उपाय म्हणून त्यांच्याकडे पाहणं मागून आलं. आपल्याकडे चाळीत दार दिवसभर उघडं आणि दारात पडदा, म्हणजे माणसाला यायची मोकळीक, पण थेट आत डोकावू नका. मला तर दाराच्या पडद्याचा सगळा अर्थ त्या एका रिवाजात दिसतो.

आता तुमचं मुख्य दार आणि बाल्कनी. दोन उघडी दारं अशी एका रेषेत आली की चिनी परंपरेत तो दोष गंभीर मानतात. आलेलं टिकत नाही, पैसा हातातून निसटतो, असं म्हणतात. पण माझं ऐकाल तर आधी एक करा. संध्याकाळी बाहेरून आल्यासारखे उंबरठ्यावर उभे राहा आणि तीन श्वास घेईपर्यंत नजर जाईल तिकडे जाऊ द्या. बहुतेक घरांत ती आपोआप उजेडाकडे, म्हणजे बाल्कनीकडे धावते. सोफ्यावर कोण बसलंय हे माणूस नंतर बघतो. घरात शिरताक्षणी लक्ष घराबाहेर जातं, हा या दोषाचा डोळ्यांना दिसणारा भाग आहे, आणि त्यावर पडद्याने नक्की फरक पडतो.

इथे पडदा मुख्य दाराला नको. सासूबाई मुख्य दारावर तोरणाशिवाय काही नको म्हणतात, ते मलाही पटतं. फेंगशुईतही मुख्य दार हे चीचं तोंड आहे, ते मोकळं आणि उजळ असावं. पडदा जाईल बाल्कनीच्या दाराला, आणि दोन थरांचा. काचेच्या बाजूला पातळ, उजेड गाळून देणारा सुती किंवा लिननचा, जो दिवसभर ओढलेला राहील. त्याच्यापुढे जाड पडदा, फक्त रात्रीसाठी. पातळ पडद्याने उजेड येत राहतो, पण नजर बाहेर उडी मारत नाही, कापडावर येऊन टेकते. त्या रेषेत, वाट अडणार नाही अशा बेताने एका बाजूला, कमरेइतक्या उंचीचं झाड किंवा छोटं टेबल ठेवलंत तर वळणाचंही काम होईल. मात्र कल्याणच्या उकाड्यात बाल्कनीतून येणारा वारा हीच तुमची चैन असेल तर तो मखमलीने कोंडू नका. एप्रिल-मेमध्ये पातळ पडदासुद्धा अर्धा सारून ठेवलात तरी चालेल. घुसमटलेलं घर हाही दोषच आहे.

सर्वात जास्त लक्ष द्या ते मोठ्या बेडरूमकडे. तुम्ही झोपेची तक्रार शेवटी, एका ओळीत लिहिलीय, पण मी पाहिलेल्या घरांत पडद्याचा फरक सगळ्यात लवकर इथेच जाणवलाय. डोंबिवलीच्या एका घरात आजोबांना रात्री तीनदा उठावं लागायचं, म्हणून बाथरूमचा दिवा जळत ठेवायचे आणि दार उघडं. आजींचा पलंग बरोबर समोर. मी दुपारी त्या पलंगावर आडवी झाले तेव्हा मला काय दिसलं सांगते: कमोडचं उघडं झाकण, निळी बादली आणि ओल्या फरशीवरची दिव्याची चमक. त्या गेली दोन वर्षं रोज रात्री हेच बघत डोळे मिटत होत्या आणि फिनेलचा वास घेत होत्या. फेंगशुईच्या भाषेत बाथरूम म्हणजे वाहून जाणारं पाणी आणि दूषित ची, आणि तिचा मारा थेट झोपलेल्या देहावर. तुम्ही ती भाषा मानत नसाल तरी दिवा, वास आणि ओल या तीन गोष्टी झोप मोडायला पुरेशा आहेत.

तिथे मी जपानी नोरेनच्या धर्तीचा पडदा शिवला. नोरेन म्हणजे मधोमध चिरलेला कापडी पडदा, जपानमध्ये दुकानांच्या दारावर असतो. दुकान उघडलं की टांगतात, बंद करताना उतरवतात. चिरेमुळे हात न लावता, खांद्याने बाजू सारून जाता येतं. रात्री धडपडत उठणाऱ्या माणसाला हे फार सोयीचं. दोन पाखं, प्रत्येक पाख दाराच्या निम्म्या रुंदीपेक्षा दोन-तीन इंच जास्त, म्हणजे मध्ये एकावर एक येतात आणि फट राहत नाही. वरचे आठ-दहा इंच दोन्ही पाखं एकत्र शिवायची, बाकी मोकळी. खालच्या दुमडीत वजनाची पट्टी, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने फडफडत नाही. लांबी मात्र नोरेनसारखी आखूड नको. तो पडदा जमिनीपासून चार ते सहा इंच वर संपला पाहिजे. पलंगावर आडवं झालं की खालच्या फटीतून फक्त थोडी फरशी दिसते, कमोड दिसत नाही. आणि कापड ओल्या जमिनीला लागत नाही, पायात येत नाही. पडदा लावताना एकजण पलंगावर झोपा आणि दुसऱ्याने दांडी वर-खाली करून बघा. उभ्याने घेतलेलं माप इथे फसवतं.

एक अट मात्र आहे. पडदा बंद दाराच्या जोडीला असतो, बंद दाराऐवजी नाही. तुमच्या घरी रात्री उठणारं कोणी नसेल तर आधी दार लोटा, कमोडचं झाकण पाडा, एक्झॉस्ट फॅन चालू राहू द्या, मग पडदा. आणि कापड सुती घ्या, दर पंधरा दिवसांनी धुता येईल असं. पावसाळ्यात तर दोन जोड ठेवा. बाथरूमच्या दारावरच्या मखमलीत ओल बसते, काळे ठिपके पडतात, कुबट वास धरतो. दोष झाकायला लावलेला पडदाच मग खोलीतली सगळ्यात दूषित वस्तू होऊन बसतो. मखमलीला माझा मुख्य विरोध यासाठी आहे.

आता रंग. फेंगशुईत पाच तत्त्वं: लाकूड, अग्नी, पृथ्वी, धातू, पाणी. पाणी लाकडाला वाढवतं, लाकूड अग्नीला, अग्नीची राख होऊन पृथ्वी, पृथ्वीतून धातू, धातूवर पाणी. हा पोषणाचा क्रम. दुसरा क्रम आवर घालण्याचा: पाणी अग्नी विझवतं, पृथ्वी पाण्याला बांध घालते, लाकूड पृथ्वी भेदतं, असा. बाथरूम पाण्याचं. त्यावर लाल लावलात तर अग्नी आणि पाणी एका चौकटीत समोरासमोर उभे केलेत. म्हणून तिथे मी लाल सुचवत नाही. माती, बदामी, गव्हाळ, हळदीचा फिका असा पृथ्वीचा रंग घ्या. झोपायच्या खोलीत तो डोळ्यांनाही शांत वाटतो. पांढरा आणि करडा हे धातूचे रंग, धातू पाण्याचं पोषण करतो, त्यामुळे नियमाने ते मागे पडतात. पण माझ्याकडे कोणी स्वच्छ पांढरा आणि मळका बदामी यांत निवड मागितली तर मी बेलाशक पांढरा सांगते.

पॅसेजमध्ये संडास आणि स्वयंपाकघर समोरासमोर, म्हणजे पाणी आणि अग्नी थेट आमनेसामने. इथे मध्यस्थ लागतो तो लाकडाचा, कारण लाकूड पाणी घेतं आणि अग्नीला देतं. म्हणून संडासाच्या दाराला हिरवा पडदा: पोपटी नको, कडुलिंबाच्या पानासारखा मुरलेला. स्वयंपाकघराच्या दाराला शक्यतो काहीच लावू नका. लावायचाच तर चौकटीच्या वरच्या भागात आखूड नोरेन लावा, आणि शेगडी दारापासून हाताच्या अंतरावर असेल तर तोही नको. कापड आणि ज्योत जवळ असणं हे कुठल्याही शास्त्रात बसत नाही. कामाच्या घाईत ताटं-पातेली घेऊन जा-ये होते, तिथे पूर्ण लांबीचा पडदा दुसऱ्या दिवशी दांडीवर फेकलेला आढळेल. गुंडाळून वर टाकलेला पडदा असून नसल्यासारखा.

मण्यांच्या पडद्याबद्दल विचारलंत. त्याला परंपरेत जागा आहे. मण्यांमधून ची जाते, पण मंदावते. हलला की नाद होतो, उजेड फुटतो, दोन खोल्यांमध्ये जाणवेल न जाणवेल अशी सीमा तयार होते. लांबट पॅसेजच्या तोंडाशी मी तो आवडीने लावते. पण तो नजर झाकत नाही, त्यामुळे संडासापुढे त्याचा उपयोग नाही, आणि तुमच्या हॉलमध्ये तो टांगायला चौकटच नाही. सुरुवातीच्या काळात मी एका घरात काचेच्या मण्यांचा पडदा लावून दिला. घरात दीड वर्षांचं मूल होतं. महिन्याभरात एक सर तुटली आणि आईने बाळाच्या तोंडातून मणी काढला. काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरात मी मण्यांचा पडदा सुचवलेला नाही. घरात किती वर्षांची मुलं आहेत हे तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. क्रिस्टल महाग म्हणून जास्त गुणकारी, याला मात्र काही आधार नाही. आणि पडद्यावर अष्टकोनी बाग्वा आरसा शिवून घ्या असं कोणी सांगितलं तर तेही ऐकू नका. तो आरसा परंपरेने घराबाहेर, बाहेर तोंड करून लावायचा असतो.

सासूबाईंचा लाल रंगाला विरोध वास्तूमुळे आहे की आवडीमुळे, हे त्यांना प्रेमाने विचारा. वास्तुशास्त्र दिशांवर चालतं, ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य. फेंगशुईत दिशाही आहेत, पण पडद्याचा उपाय मुख्यतः रेषा, हालचाल आणि तत्त्वांच्या जोडीवर ठरतो. दोन्हींचे रंगांचे नियम एकाच दारावर चढवले की कुठलाच धड पाळला जात नाही. सुदैवाने मी सांगितलेले बदामी आणि हिरवा हे दोन्ही रंग बहुतेक वडीलधाऱ्यांना खटकत नाहीत. बदामी पडद्याला वर खणाची पट्टी लावून द्या आणि तो खण त्यांनाच निवडू द्या. घरात कुरबुरी असताना सासू आणि सून दोघींच्या हातून एखादी वस्तू दारावर जाणं, याला मी फार किंमत देते.

नोकरीबद्दल मात्र स्पष्ट बोलते. फेंगशुई ही निरीक्षणाची आणि श्रद्धेची परंपरा आहे, प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं शास्त्र नाही. मी तिच्यावर विश्वास ठेवते, तरीही पडद्याने नोकरी वाचेल असं मी कुणालाही सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. घरात शिरल्यावर जीव टेकला, रात्रीची सहा-सात तास झोप मिळाली, तर मिस्टरांना बायोडेटा नीट करायला, चार फोन करायला बळ येईल. त्यापलीकडे मी काही म्हणणार नाही. नोकरी डळमळीत असताना 11,000 रुपये पडद्यांवर घालू नका. सुती कापड घेऊन घरी किंवा जवळच्या शिंप्याकडून शिवलंत तर बेडरूमचा आणि संडासाचा असे दोन पडदे फार थोडक्यात होतात. मुंबईला फेरी होत असेल तर मंगलदास मार्केटला कापड बघा. झोप दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही तर डॉक्टरांना दाखवा, त्यासाठी माझ्या पुढच्या सल्ल्याची वाट बघत बसू नका.

सगळं एकदम करायला जाऊ नका. आधी बेडरूमचा पडदा लावा आणि आठ दिवस त्याच्यासोबत राहा. मग बाल्कनीचा पातळ पडदा. संडासाचा हिरवा शेवटी. असं केलंत की कशाने काय बदललं हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

घर भाड्याचं आहे, म्हणून भिंतीला भोकं न पाडता चौकटीच्या आत अडकणारी स्प्रिंगची दांडी घ्या. ती घेताना दार मोजू नका, चौकटीच्या आतल्या दोन बाजूंमधलं अंतर मोजा: वर, मध्ये आणि खाली, कारण जुन्या चौकटी सरळ नसतात. तिन्हींतलं वरच्या टोकाला घेतलेलं माप दांडीसाठी धरा. बाथरूमचं दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. आत उघडत असेल तर दांडी चौकटीच्या बेडरूमकडच्या कडेला बसेल. बेडरूमकडे उघडत असेल तर आतली दांडी दाराच्या आड येईल, मग चौकटीच्या वर चिकटणारे हुक लावून पडदा दारावरून सोडावा लागेल. बाजारातला तयार पडदा बहुधा सात फुटांचा मिळतो. चौकटीच्या आत तो लांब पडतो, तेव्हा कापू नका, खालून दुमडून कच्चा टाका घाला. पुढच्या घरात दार उंच निघालं तर उसवून पुन्हा वापरता येईल.